सेल्फ मारत नाही? आधी बॅटरीवाल्याचा नंबर फिरवू नका

पद्मिनी असो की अॅम्बेसेडर, किल्ली फिरवली आणि इंजिन हललं नाही की मालक थेट नवी बॅटरी आणतो. गाडी चार दिवस सुरू होते, मग पुन्हा तेच रडगाणं. ताजी बॅटरी खराब जोडातूनही थोडा काळ करंट रेटते, एवढंच.

ओळखीतल्या एकांची पद्मिनी नवा रंग लावून आली आणि लगेच सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, कण्हायला लागला. त्यांनी बॅटरी बदलली. गॅरेजवाल्याने सेल्फ उतरवून कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) आणि बुश नवे टाकले, बिल हातात दिलं. फरक शून्य. मी हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन जेमतेम हललं, पण दिवे लख्ख. बॅटरी बसली असती तर दिवेही बसले असते. तेवढ्यात ते म्हणाले, "हल्ली चोकची मूठ गरम लागते हो." रोग तिथेच कळला. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी नव्या रंगावरच आवळली होती. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. त्याला परतीची वाट मिळेना, म्हणून करंट मुठीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या चोकच्या तारेतून निघाला होता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारला, तर चार व्होल्ट! तिथे पाव व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, पट्टी आवळली, वरून ग्रीस. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू.

नुसत्या उभ्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. सेल्फ मारतानाचा आकडा बघा. साडेनऊच्या खाली घसरला तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग पुन्हा मोजा. तरीही घसरला तर खुशाल बदला. मी टर्मिनल आधी उघडून घासतो, मीटर नंतर काढतो. वरून फडकं मारणं म्हणजे साफसफाई नव्हे.

टक-टक-टक आवाज आला तर बहुधा व्होल्टेज कमी. एकच जोराचा ठोका आणि शांतता, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा जोड बघा. सेल्फ नुसताच भिरभिरतो आणि इंजिन ढिम्म, तर पिनियन, म्हणजे इंजिनाच्या चाकात घुसणारी सेल्फची छोटी दातेरी चकती, पुढे न येता अडकलंय. बॅटरी बिचारी निर्दोष.

सेल्फवर हातोडी? घरी पोचण्यापुरती, हलक्या हाताने. रोज ठोकून गाडी काढणाऱ्यांना कार्बन बदलायला काय होतं, देव जाणे.

नवशिक्यांना किल्ली सोडवत नाही. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मग निदान अर्धा मिनिट थांबा. वाइंडिंग जळल्याचा वास आला की उशीर झालेला असतो.

नळाचं पाणी बॅटरीत घालू नका. चालू इंजिनावर टर्मिनल काढून 'चार्जिंग बघणारा' उस्ताद दिसला तर त्याला अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) गाडीपासून लांब ठेवा, त्यातले डायोड उडतात. आणि जुन्या ब्रिटिश गाडीला दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल लावण्याआधी बॉडीला प्लस जोडलाय की मायनस, ते वाकून बघा. कित्येकींत प्लस असतो.