हाऊजीची तिकिटं घरी कशी बनवायची, आजींनाही वाचता येतील अशी

कोजागिरीला आमच्या सोसायटीत दूध आटेपर्यंत गच्चीवर हाऊजी असते आणि गेली काही वर्षं तिकिटं करायचं काम माझ्याकडे आहे. एक जण १ ते ९० मधला एकेक आकडा काढून बोलतो, तो आपल्या तिकिटावर असला तर त्यावर खूण करायची, आणि ठरलेले आकडे ज्याचे आधी पूर्ण होतील त्याला बक्षीस, असा हा खेळ. आधी आम्ही बाजारातून तिकिटांचं पुस्तक आणायचो, कागद पातळ, आकडे बारीक, आणि गच्चीवरच्या त्या एका बल्बच्या उजेडात पहिल्या मजल्यावरच्या आजी तिकीट डोळ्यांना लावून बसायच्या, त्यांना एक आकडा सापडेपर्यंत पुढचे दोन बोलून झालेले असायचे. एका वर्षी त्या म्हणाल्या, "तुम्ही खेळा गं, मी बघते." ते मला फार लागलं. हाऊजीत हुशारी लागत नाही, पहिलीतलं पोर आणि ऐंशीच्या आजी दोघांना जिंकायची संधी अगदी सारखी, आणि असा खेळ नुसतं तिकीट वाचता येत नाही म्हणून कोणी सोडून द्यायचा? तेव्हापासून तिकिटं मी स्वतः करते. एकदा गणित कळलं की एका संध्याकाळचं काम आहे.

पायरी १ : आधी तिकिटाचे नियम समजून घ्या

आपण हाऊजी म्हणा, तंबोला म्हणा, तिकीट एकच. तंबोला हे नाव इटलीतल्या टोंबोलावरून आलंय, नेपल्सकडे तो नाताळात घरोघर खेळतात, त्यांच्याकडेही ९० आकडेच आणि चौकटही हीच. अमेरिकेतला बिंगो वेगळा, तिथे ७५ आकडे असतात आणि कार्ड पाच बाय पाचचं, मधलं घर फुकट. इथे मी आपल्याच तिकिटाचं सांगतेय.

तीन ओळी, नऊ रकाने, म्हणजे २७ घरं. त्यातली १५ भरलेली आणि १२ रिकामी. प्रत्येक ओळीत बरोब्बर पाच आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. म्हणजे पहिल्या रकान्याला नऊच आकडे, शेवटच्याला अकरा आणि मधल्या सातांना दहा-दहा. कुठलाही रकाना पूर्ण रिकामा ठेवायचा नाही आणि एका रकान्यात आकडे वरून खाली चढत जायला हवेत. हे नियम उगाच नाहीत हं, रकान्यांमुळेच माणसाला ५३ ऐकल्यावर सगळं तिकीट चाळावं लागत नाही, नजर थेट पन्नाशीच्या रकान्यात जाते. नेटवर मिळणाऱ्या काही फुकट तिकिटांत आकडे कुठेही टाकलेले असतात, ती घेऊ नका, खेळणाऱ्यांची दमछाक होते.

पायरी २ : सहा तिकिटांचा संच करा

सुटी सुटी तिकिटं करत बसण्यापेक्षा सहाचा संच करा. सहा तिकिटं गुणिले १५ म्हणजे ९०, म्हणजे एका संचात १ ते ९० मधला प्रत्येक आकडा एकदाच येतो. त्याचा फायदा असा की एकाच संचातली दोन तिकिटं कधीच सारखी होत नाहीत, आणि एखाद्या घरातल्या सहा जणांना एक अख्खा संच दिला तर बोललेला प्रत्येक आकडा त्यांच्यातल्या कोणाकडे तरी असतोच, त्यामुळे लहान मुलं कंटाळत नाहीत.

मी पहिल्यांदा हे हाताने, वाट्या घेऊन केलं आणि तुम्हीही एकदा तसंच करा, कारण मग कॉम्प्युटर काय करतो ते नीट कळतं. नऊ वाट्या मांडा, चिठ्ठ्यांवर १ ते ९० लिहून त्या रकान्यांप्रमाणे वाट्यांत टाका. आता सहाही तिकिटांना प्रत्येक वाटीतून न बघता एकेक चिठ्ठी द्या. नऊ गुणिले सहा, ५४ चिठ्ठ्या संपल्या आणि कुठलाही रकाना रिकामा राहणार नाही याची सोय झाली. उरल्या ३६, पहिल्या वाटीत तीन, मधल्या सात वाट्यांत चार-चार, शेवटच्या वाटीत पाच. या ३६ पैकी प्रत्येक तिकिटाला सहा द्यायच्या, फक्त एका वाटीतून एका तिकिटाला दोनपेक्षा जास्त जादा चिठ्ठ्या द्यायच्या नाहीत, कारण रकान्यात घरंच तीन असतात. शेवटच्या तिकिटाशी कधीकधी अडतं, मग शेजारच्या तिकिटाशी एखादी चिठ्ठी अदलाबदल करा.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये करायचं तर प्रत्येक रकान्याचे आकडे उभे लिहा, शेजारी रँड फंक्शन (ते मनाला येईल तो आकडा देतं) टाका आणि त्यावर सॉर्ट करा, की झाली वाटी हलवून.

पायरी ३ : आकडे ओळींत बसवा

इथे बरेच जण गडबडतात, पण क्रम पाळला की सोपं आहे. ज्या रकान्यात तीन आकडे आहेत तो आधी भरा, तिथे निवडीला वावच नाही. मग दोन आकड्यांचे रकाने, आणि एक आकडेवाले सगळ्यात शेवटी, ज्या ओळीत कमी पडतंय तिथे. दरवेळी सगळ्यात रिकाम्या ओळींत टाकत गेलं की शेवटी पाच-पाच होतातच.

माझ्या वहीतलं एक तिकीट सांगते. पहिल्या रकान्याला ४ आणि ८, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला २२ आणि २७, चौथ्याला ३६, पाचव्याला ४१ आणि ४९, सहाव्याला ५० आणि ५८, सातव्याला ६३, आठव्याला ७१, ७५, ७८ आणि शेवटच्याला ९० आले होते. बसवल्यावर असं झालं :

वरची ओळ : ४, ४१, ५०, ७१, ९०
मधली ओळ : ८, २२, ३६, ५८, ७५
खालची ओळ : १५, २७, ४९, ६३, ७८

पायरी ४ : संच तपासा

छापायच्या आधी हे कराच. शीटमध्ये सहाही तिकिटांची बेरीज घ्या, ती ४०९५ यायला हवी, कारण १ ते ९० ची बेरीज तेवढी असते. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका, दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, म्हणून काउंटइफ (एखादा आकडा किती वेळा आलाय ते मोजणारं फंक्शन) लावून प्रत्येक आकडा एकदाच आलाय ना हेही बघा.

आणि एका डावासाठी एकच पान परत परत झेरॉक्स करू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं, एका संचाच्या दहा प्रती काढल्या, आणि फुल हाऊसला, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे लागण्याच्या बक्षिसाला, एकदम दहा जण उभे राहिले, बक्षीस एक. मुलं अगदी हिरमुसली. साठ माणसं असतील तर दहा वेगळे संच लागतात, पर्याय नाही.

पायरी ५ : आकडा मोठा, बाकी सगळं लहान

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. बाजारच्या तिकिटावर जागा कशात जाते बघा, फुलांची बॉर्डर, मोठं नाव, कुठेतरी जाहिरात. आपल्याला आकडा दिसायला हवा.

ए-फोर कागदावर सहा तिकिटं बसवली तर एक घर साधारण २१ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १२ मिलिमीटर उंच मिळतं, त्यात २० पॉइंटचा आकडा मावतो, तरुणांना पुरतो. मी पानावर चारच बसवते, मग घराची उंची १८ मिलिमीटरपर्यंत जाते आणि २८ पॉइंटचा ठळक आकडा घेता येतो. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय किंवा ज्यांना फारच कमी दिसतं त्यांच्यासाठी पानावर दोनच तिकिटं, पान आडवं धरून, ४० पॉइंटमध्ये. कागद जास्त लागतो, लागू दे.

फाँट साधा घ्या, नक्षीवाला नको. मराठी आकड्यांसाठी मुक्ता मला आवडतो, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्यांनी केलाय आणि गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. मराठी आकड्यांत १ आणि ९, ३ आणि ६ अंधारात एकसारखे वाटतात, म्हणून छापून दोन हात लांब धरून बघा, वाचताना अडखळलात तर फाँट बदला. मराठी की इंग्रजी आकडे, हे ज्याला त्याला विचारा, दोन्ही प्रकारचे गठ्ठे ठेवा. एकाच घरात दोन्ही छापू नका, मी करून बघितलंय, नुसती गर्दी होते.

रिकाम्या घरांना फिकट राखाडी रंग द्या आणि भरलेली घरं पांढरी ठेवा, नजर आपोआप पांढऱ्यावर जाते. एवढ्या एका बदलाने आजींचा वेग वाढला.

पायरी ६ : वाद होतात त्या जागा तिकिटावरच मिटवा

फोर कॉर्नर या बक्षिसावरून दर वर्षी वाद. लोकांना वाटतं कॉर्नर म्हणजे चौकटीचे चार कोपरे, पण कोपऱ्यातलं घर बऱ्याचदा रिकामं असतं. आम्ही धरतो तो नियम असा : वरच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा, तसंच खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा. पायरी ३ मधल्या तिकिटात ४, ९०, १५ आणि ७८. यातला १५ दुसऱ्या रकान्यात आहे बघा, म्हणून तो कॉर्नर वाटतच नाही. मी या चार घरांच्या कोपऱ्यात एक छोटा काळा ठिपका छापते. वाद संपला.

तिकिटाच्या खाली एका पट्टीत बक्षिसांची नावं छापा, अर्ली फाइव्ह (कुठलेही पहिले पाच आकडे), टॉप, मिडल, बॉटम (त्या त्या ओळीचे पाच), कॉर्नर, फुल हाऊस, सेकंड हाऊस (दुसरं पूर्ण झालेलं तिकीट), प्रत्येकापुढे छोटा चौकोन. बक्षीस गेलं की खेळणारा स्वतःच टिक करतो, "टॉप लाईन गेली का हो?" असं दर दोन मिनिटांनी विचारावं लागत नाही.

वर उजवीकडे तिकीट नंबर हवाच, आणि सगळ्या तिकिटांची एक प्रत आकडे बोलणाऱ्याकडे. कोणी क्लेम केला, म्हणजे बक्षीस लागलं म्हणून ओरडलं, की नंबर बघून लगेच ताळा होतो, बोगी निघाली, म्हणजे क्लेम चुकीचा ठरला, तरी तिकडूनच कळतं, कोणाच्या हातातलं तिकीट हिसकावून बघावं लागत नाही.

पायरी ७ : मुलांसाठी एकोणची पट्टी

इंग्रजी शाळेतल्या मुलांना एकोणसाठ म्हटलं की ती साठच्या रकान्यात शोधतात, चूक त्यांची नाही, शब्दात साठ ऐकू येतो ना. मुलांच्या तिकिटांवर मी खाली आठ शब्द छापते : एकोणीस १९, एकोणतीस २९, एकोणचाळीस ३९, एकोणपन्नास ४९, एकोणसाठ ५९, एकोणसत्तर ६९, एकोणऐंशी ७९, एकोणनव्वद ८९. दोन-तीन डावांत पोरं पट्टीकडे बघणं सोडून देतात. इंग्रजीतून आकडे बोलणं सोपं पडेल असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं, पण मला ते पटत नाही, मुलांच्या कानावर हे शब्द आणखी कुठे पडणार आहेत?

अगदी लहानांसाठी आकड्यांऐवजी भाज्या-फळांची चित्रं घालून चार बाय चारचं कार्ड करा, पण चित्रं किमान चाळीस-पन्नास वेगवेगळी जमवा. वीसच चित्रांतून सोळा-सोळाची कार्डं केलीत तर सगळ्यांचं जवळजवळ एकदमच भरतं.

पायरी ८ : कागद आणि खुणा

साधा झेरॉक्सचा कागद मांडीवर ठेवून लिहिताना फाटतो, थोडा जाड घ्या, १०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपास. गुळगुळीत चकचकीत नको, बॉलपेन उठत नाही. प्रत्येक डावाला वेगळा फिकट रंग ठेवा म्हणजे मागच्या डावाचं तिकीट चुकून कोणी घेत नाही, आणि रंगाचं नावही छापा, कारण लाल-हिरव्यात फरक न कळणारी माणसं असतात.

दरवर्षी कागद वाया घालवायचा नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या जाड बाजूवर तिकिटं चिकटवा आणि खुणेसाठी चिंचोके ठेवा, १८ मिलिमीटरच्या घरात चिंचोका छान बसतो आणि पेन धरताना हात थरथरणाऱ्यांनाही ठेवता येतो. लॅमिनेशन करणार असाल तर मॅट करा, चकचकीतवर दिव्याची तिरीप पडते.

आमच्याकडे एक काका आहेत, त्यांना अजिबात दिसत नाही, त्यांचं तिकीट ब्रेलमध्ये असतं. ब्रेलमध्ये आकड्याच्या आधी अंकचिन्ह लागतं, म्हणजे दोन अंकी आकड्याला तीन खाने, साधारण १८ मिलिमीटर, ते २१ च्या घरात बसतं. ब्रेल येणाऱ्या कोणाकडून तरी जाड कागदावर ब्रेलच्या पाटीने टोचून घ्या आणि घरांच्या रेघांवर दोरा चिकटवा म्हणजे बोटाला घर कळतं. रिकाम्या घरांना काही नाही, भरलेल्या घराच्या खाली चिंचोका ठेवायला पुठ्ठ्याची छोटी कड. गेल्या वर्षी काकांनी मिडल लाईन घेतली, स्वतः मोजून, स्वतः ओरडून.

पायरी ९ : आदल्या दिवशी एक डाव खेळून बघा

घरातले चार जण बसा आणि दिवा मंद करून एक डाव पूर्ण खेळा. वेळ लावून बघा. साठ तिकिटं असतील तर पहिला फुल हाऊस साधारण सत्तराव्या आकड्याच्या आसपास निघतो आणि आकडा दर बारा सेकंदांनी बोललात तर डावाला चौदा-पंधरा मिनिटं लागतात. आम्ही आधी आठ सेकंद ठेवायचो, आजींसोबत खेळून बघितल्यावर बारा केले. एका कागदावर प्रत्येक डावाची पाच-सहा तिकिटं जादा छापून ठेवा, ऐनवेळी कोणाकडे पाहुणे आलेले असतातच.