शंभर वर्षं जुनी पडापडी घरी नीट कशी बघायची

माझा भाचा आठ वर्षांचा आहे, ब्लॅक अँड व्हाइट दिसलं की तो रिमोट शोधायला लागतो. त्यालाच मागच्या सुट्टीत एक जुना मुका विनोदी पिक्चर तीन वेळा परत लावायला लागला, तेव्हापासून घरात कोणीही आलं की मला विचारतात तू ते मुक्या पिक्चरचं काय ते सांग ना, कुठून सुरुवात करायची. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली चूक सगळे हीच करतात की डायरेक्ट मोठा, नावाजलेला, दीड तासाचा पिक्चर लावतात आणि वीस मिनिटांत पोरं उठून जातात. तसं करू नका. सुरुवात दोन रिळांच्या छोट्या पिक्चरने करायची, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. माझं मत विचाराल तर बस्टर कीटन या अमेरिकन विनोदी नटाचा वन वीक, १९२० चा. नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांना खोक्यांमधून सुटं सुटं घर मिळतं, नंबरप्रमाणे जोडायचं असतं, आणि पोरीवर लाइन मारणारा दुसरा एक जण खोक्यांवरचे नंबर बदलून टाकतो. बास, एवढीच स्टोरी. मग ते घर वाकडंतिकडं उभं राहतं, वादळात भोवऱ्यासारखं फिरतं, आणि शेवटी रुळांवर अडकतं. तिथे ट्रेनचं जे होतं ते मी सांगणार नाही, पण आमच्याकडे आई सोफ्यावरून उठून उभी राहिली होती.

आता लावायच्या आधी पाच मिनिटं सेटिंगला द्या, कारण अर्धी मजा तिथेच मरते. हे पिक्चर चौकोनी फ्रेमचे आहेत, टीव्हीने ताणून पूर्ण स्क्रीनभर केले की कीटनसारखा बुटका सडपातळ माणूस पहिलवान दिसतो, त्यामुळे दोन्ही बाजूला काळे पट्टे राहू द्यात. दुसरं, नवीन टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ते बंद करा. तिसरं म्हणजे स्पीड, आणि हे जरा नीट समजून घ्या. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, हँडल हळू फिरवलं की पडद्यावर माणसं जोरात पळतात, आणि पळापळीच्या सीनमध्ये हे मुद्दाम करायचे. पण नेटवर बऱ्याच प्रिंट्स सरसकट फास्ट केलेल्या सापडतात. ओळखायचं कसं, तर साधा सीन बघा, कोणी नुसतं दारातून आत येतंय, टोपी काढतंय. तिथेसुद्धा माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु चालत असतील तर प्रिंट गंडलेली आहे, दुसरी शोधा, नाहीतर स्पीड पाऊणपट करून बघा. १९२० च्या दशकातले हे बहुतेक पिक्चर अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटलेत त्यामुळे एकाच पिक्चरच्या दहा-दहा कॉप्या पडलेल्या असतात, पहिली दिसली ती लावायची घाई नको.

म्युझिकचं टेन्शन घेऊ नका. यातल्या बहुतेक पिक्चरना पक्कं चिकटलेलं असं म्युझिक नव्हतंच, थेटरात पियानोवाला किंवा ऑर्गनवाला बसून समोर बघत वाजवायचा, आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबला असायचा. त्यामुळे एकच धून गोल गोल फिरतेय असं वाटलं तर सरळ म्यूट करा. आम्ही एकदा तबल्याचा द्रुत तीनताल लावून पोलिसांच्या पाठलागाचा सीन बघितला, खोटं नाही सांगत, काही ठिकाणी सम बरोबर पडण्यावर आली.

इंग्रजी पाट्या येतात त्याचं काय? एक जण मोठ्याने मराठीत वाचणारा नेमायचा. आमच्याकडे हे काम आईकडे आहे आणि ती पाटीवर नसलेलंसुद्धा वाचते.

आता मुख्य मुद्दा, बघायचं कसं. लहानपणी डोंबाऱ्याचा खेळ बघितला असेल तर आठवा. दोरीवरच्या पोरीच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नसतं, सगळ्यांची नजर तिच्या पायाकडे आणि दोरीखालच्या रिकाम्या जागेकडे असते. तस्संच बघायचं. आजच्या ॲक्शनमध्ये डोळा मिटेपर्यंत तीन कट होतात, उडी एका शॉटमध्ये, पडणं दुसऱ्या, त्यामुळे मनाला आपोआप कळतं की हा काही पडत नाहीये. हे लोक कॅमेरा लांब ठेवून अख्खा माणूस, अख्खी भिंत, खालचा रस्ता सगळं एकाच फ्रेममध्ये दाखवायचे. पोटात गोळा येतो आणि त्याच क्षणी हसू येतं, दोन्ही एकत्र. शंभर वर्षांनी आठ वर्षांचं पोरगं त्याच ठिकाणी ओरडतं त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, भाषा लागत नाही आणि फसवणूक दिसत नाही. आणि कीटन तर हसतच नाही, मख्ख चेहरा, त्यामुळे चेहऱ्यावरून आधी काही कळतच नाही, अंगाकडेच बघावं लागतं. बाकी हा माणूस लहानपणापासून आईबापांबरोबर स्टेजवर होता आणि त्यांच्या खेळात बाप त्याला चक्क इकडून तिकडे फेकायचा, म्हणजे पडायचं ट्रेनिंग शाळेच्या वयातच झालेलं.

प्रत्येक पिक्चर दोनदा बघा. पहिल्यांदा नुसतं हसा. दुसऱ्यांदा थांबवून थांबवून, हे केलं कसं असेल ते शोधत. दुसऱ्या फेरीसाठी सगळ्यात भारी म्हणजे हॅरल्ड लॉइडचा सेफ्टी लास्ट, १९२३, तो घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला, फोटो तरी तुम्ही नक्की बघितला असेल. दुकानातला साधा नोकर, इमारत चढायचं खरं काम मित्राचं असतं पण मित्रामागे पोलीस लागतो, मग मित्र म्हणतो अजून एक मजला चढ, मी येतोच. असं करत करत हा पार वर. गंमत अशी की इमारतीच्या दर्शनी भागाचा सेट त्यांनी लॉस एंजेलिसच्या खऱ्या उंच इमारतींच्या गच्चीवर बांधला होता आणि कॅमेऱ्याचा कोन असा की गच्ची दिसतच नाही, खालचा रस्ता आणि ट्रॅफिक मात्र खरं. थोड्या अंतरावर खाली गाद्या घातलेला प्लॅटफॉर्म होता. लांबच्या काही शॉटमध्ये चढणारा बिल स्ट्रोदर आहे, जो खरोखर इमारती चढायचा, आणि मित्राचं कामही त्यानेच केलंय. आता लॉइडच्या उजव्या हाताकडे बघा. १९१९ मध्ये फोटो काढताना खोटा म्हणून हातात धरलेला बॉम्ब फुटला आणि त्याचा अंगठा आणि तर्जनी गेली. हा अख्खा पिक्चर त्याने त्यावर खास ग्लोव्ह चढवून केलाय. हे कळल्यावर घड्याळाचा सीन परत बघा, हसू जरा अडकतं.

तिसरा परत कीटनचाच, शेरलॉक ज्युनियर, १९२४, जेमतेम पाऊण तासाचा. थेटरात पिक्चर दाखवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात पडद्याच्या आत शिरतो. पण त्याआधी, जागेपणीच, ट्रेनच्या टपावरून पळता पळता तो पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकतो आणि पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळांवर आपटतो. त्यात खऱ्या कीटनची मान फ्रॅक्चर झाली होती, पण डोकं दुखतंय एवढंच म्हणून तो काम करत राहिला, खरं काय झालं ते कित्येक वर्षांनी डॉक्टरने एक्सरे बघून सांगितलं. तो शॉट पिक्चरमध्ये तसाच आहे.

सगळंच खरं असतं असं मात्र धरून चालू नका. चॅप्लिन मॉडर्न टाइम्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून कठड्याच्या टोकाशी स्केटिंग करतो ना, ती खोल दरी काचेवर रंगवून कॅमेऱ्यापुढे धरलेली आहे. खरं कुठलं आणि रंगवलेलं कुठलं, पोरांबरोबर पैज लावायला हा सीन बेस्ट.

एक सावधगिरी. पोरांना दाखवायच्या आधी एकदा स्वतः बघून घ्या, कारण तेव्हाच्या अमेरिकेचा वर्णद्वेष मध्येच समोर येतो. कीटनच्याच सेव्हन चान्सेसमध्ये दगडांच्या पळापळीचा शेवट अफलातून आहे पण त्यातच गोऱ्या नटाने तोंडाला काळा रंग फासून केलेलं काळ्या माणसाचं पात्र आहे, आणि त्याच्याच द जनरल मधला हीरो अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूचा. मी भाच्याला थांबवून सांगितलं हे काय आहे ते, त्याने दोन प्रश्न विचारले, मग पुढे बघितलं.

आपल्याकडचं काही बघता येईल का, हा प्रश्न येतोच. मास्टर विठ्ठल म्हणून मूकपटातले स्टंट हीरो होते, त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणायचे (फेअरबँक्स म्हणजे तेव्हाचा हॉलिवूडचा मारधाडवाला हीरो), पण आपले बहुतेक मूकपट नष्ट झालेत. चडफडण्यापलीकडे काय करणार.

शेवटी स्टीमबोट बिल ज्युनियर, १९२८. वादळात घराची अख्खी पुढची भिंत कीटनवर पडते आणि तो बरोबर खिडकीच्या जागी उभा म्हणून वाचतो. भिंत खरी जड, वाचायला जागा काही इंचांची, पाय कुठे ठेवायचे ती जागा आधी मोजून ठरवलेली. हीच आयडिया वन वीकमध्ये छोट्या प्रमाणात आहे, शोधा. आणि हे घरी स्वतःवर करायचं नाही, पण बाहुलीवर जरूर करा. खोक्याचा ३० सेंटिमीटर उंच पुठ्ठा घ्या, खालची कड टेबलाला चिकटपट्टीने चिकटवा म्हणजे ती बिजागरी झाली. खिडकी बुडापासून जितकी वर, तितकीच ती पुढे जाऊन पडणार, म्हणून बाहुली तेवढ्या अंतरावर ठेवायची. आम्ही दिवाळीच्या किल्ल्यातला सात सेंटिमीटरचा मातीचा मावळा १५ सेंटिमीटरवर ठेवला, खिडकी १३ ते १७ अशी कापली, आणि भिंत सोडली. पाय सुखरूप, पण पगडीचा टवका उडाला. कारण भिंत गोल फिरत येते, त्यामुळे डोक्याला पायापेक्षा जरा वरची जागा लागते, हे आम्हाला मावळ्याने शिकवलं. खिडकी वर १८ पर्यंत वाढवली, मग मात्र भिंत धाडकन पडली आणि मावळा भाला घेऊन तसाच उभा, चेहरा एकदम मख्ख.