ब्रेस्ट पंप निवडताना
आधी ठरवा, पंप दिवसातून किती वेळा लागणार. आठवड्यातून एक-दोनदाच बाहेर पडायचं असेल तर हाताने दाबायचा पंप पुरतो. वीज गेली तरी चालतो. हिंजवडी-खराडीला पूर्णवेळ नोकरी असेल तर दोन्ही बाजूंचं दूध एकदम काढणारा, बॅटरीवरचा इलेक्ट्रिक पंप घ्या. साधारण १५-२० मिनिटांत काम होतं. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर हॉस्पिटल-ग्रेड, म्हणजे हॉस्पिटलात वापरतात तसा दणकट पंप भाड्याने मिळतो का ते पाहा आणि २४ तासांत ८ ते १० वेळा, रात्रीसुद्धा, दूध काढा.

खरी गडबड होते ती फनेलच्या, म्हणजे स्तनावर बसवायच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या मापात. पंपासोबत बहुधा २४ मिमीच्या आसपासचा फनेल येतो, तो अनेकींना मोठा होतो. स्तनाग्राचा बुडाशी व्यास मोजा, त्यात १ ते ३ मिमी मिळवा. भोवतीची काळसर त्वचा बरीच आत ओढली जात असेल तर माप मोठं आहे. स्तनाग्र कडांना घासत असेल तर लहान. दुखेपर्यंत पंपाची ओढ वाढवू नका, त्याने दूध वाढत नाही. ओढ अचानक कमी झाली तर मोटरला दोष देण्याआधी रबरी व्हॉल्व्ह तपासा. तो झिजतो, फाटतो.

एप्रिल-मेच्या पुण्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका. ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवा, घरी नेताना आइसपॅकची पिशवी वापरा. फ्रीजमध्ये ते ४ दिवस टिकतं.