देवराईच्या मातीतला नवा माइट कसा शोधावा

माइट म्हणजे कोळ्याच्या नात्यातला बारीक जीव. तो शोधायला देवराईतला पाचोळा उचलण्याआधी गावच्या मानकऱ्यांना विचारा. गोळा करणं सोपं आहे: पाचोळा, खालची पाच सेंटिमीटर माती, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. त्याच दिवशी सगळं मातीतले जीव वेगळे करणाऱ्या नरसाळ्यावर.

खरी कसोटी नरसाळ्याची. ‘जाळीवर माती, वर बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली’ एवढंच सगळे सांगतात, आणि कोकणात सप्टेंबरमध्ये तेवढ्यावर घात होतो. रत्नागिरीजवळच्या राईतली चिंब माती मी पहिल्यांदा थेट 60 वॅटच्या बल्बखाली ठेवली. दोन दिवसांनी बाटलीत चार मुंग्या आणि गाळ. भिंगातून पाहिलं तर नरसाळ्याला आतून दव धरलेलं, आणि थेंबाथेंबात खसखशीहून बारीक तपकिरी ठिपके अडकून मेलेले. उरलेले वरच भाजले होते.

माती वरून सुकत जाते तसा माइट ओलाव्यामागे खाली सरकतो. 1905 मध्ये इटलीचे कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे यांनी नरसाळ्याला गरम पाण्याची ऊब दिली होती. बल्ब 1918 मध्ये स्वीडनचे टुलग्रेन यांनी आणला. एलईडी लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, त्याची ऊब पुरत नाही. थर दोन-तीन सेंटिमीटरचाच, आणि उलटा, पाचोळा खाली. माती भिंतीला टेकू देऊ नका. कडेने बोटभर फट ठेवा, वाफ तिथून जाते. पहिल्या दिवशी दिवा लावूच नका. दुसऱ्या दिवशी 15 वॅटचा, उंचावर; मग रोज थोडा खाली. आठवडा लागला तर लागू द्या. बाटली माती ठेवून झाल्यावरच लावा, नाहीतर गाळ उपसत बसाल.

पुढे बाटलीतले माइट लॅक्टिक आम्लात पारदर्शक करा, खळगीच्या काचपट्टीवर फिरवून सगळ्या बाजूंनी चित्रं काढा.

सहा पायांचं ते पिल्लू, हे कळतं. फसवतात आठ पायांच्या निम्फ, म्हणजे पिल्लू आणि प्रौढ यांच्या मधल्या अवस्था: ओरिबॅटिड या मातीतल्या माइटांच्या मोठ्या गटात त्या बहुधा प्रौढासारख्या दिसतच नाहीत. त्यांच्यावरून नवी जात जाहीर करू नका. एकच नमुना हाती असेल तर पुन्हा त्याच राईत जा. वंश ठरला की त्यातल्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन वाचा. ओळखतक्त्यावर विसंबू नका.

जात नवीच निघाली तर एक होलोटाइप, म्हणजे नव्या नावाला आधार ठरणारा नमुना, नेमा आणि नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. वर्णन फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी करा, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.