केमो चालू असताना फ्लूची लस: तारीख ठरवण्यापासून ताप मोजण्यापर्यंत

तिसऱ्या केमोच्या दिवशी सलाईन चालू असताना मी डॉक्टरांना विचारलं, "फ्लूची लस घेऊ का?" ते "हो, घ्या" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. घरी आल्यावर लक्षात आलं, कधी घ्यायची हे विचारायचं राहूनच गेलं होतं. खरा प्रश्न तोच होता.

तुम्ही उपचारात असाल तर विचारताना तारखेसकट विचारा: "माझी पुढची केमो अमुक तारखेला आहे. लस कोणत्या तारखेला घेऊ?" असं विचारलं की समोरचा माणूस फाइल उघडतो.

तारखेचं एवढं महत्त्व का, ते सांगते. लस टोचल्यावर अँटीबॉडी तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. उपचार अजून सुरू झाले नसतील तर पहिल्या केमोच्या किमान २ आठवडे आधी लस घेतलेली सगळ्यात चांगली. मात्र लसीसाठी केमो लांबवायची नसते. केमो सुरू झालेली असेल तर दोन सायकलींच्या, म्हणजे केमोच्या दोन फेऱ्यांच्या, मधला दिवस शोधायचा. माझी सायकल २१ दिवसांची होती. अशा औषधांत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात आणि नंतर हळूहळू वर येतात. म्हणून मला चौथ्या केमोच्या २ दिवस आधीचा दिवस मिळाला. त्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायचंच होतं, त्यामुळे आकडे हातात आल्यावर लस टोचली. काही जणांना केमोच्याच दिवशीही देतात. तुमचं औषध वेगळं असेल तर दिवसही वेगळा येईल, माझा दिवस उचलू नका.

काही उपचारांत गणितच बदलतं. रिटुक्सिमॅबसारखं बी-पेशींवर (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींवर) काम करणारं औषध गेल्या ६ महिन्यांत घेतलं असेल तर लसीचा प्रतिसाद फार कमी मिळतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर साधारण ६ महिने थांबायला सांगतात. रक्ताच्या तीव्र कर्करोगाची जोरदार केमो चालू असतानाही लस फारशी लागू पडत नाही. अशा वेळी घ्यायची, थांबायचं की नुसती घरच्यांना द्यायची, हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनीच (कॅन्सरच्या डॉक्टरांनीच) ठरवायचं. फक्त रेडिएशन चालू असेल किंवा इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) असेल तर सहसा अडचण येत नाही, तरी विचारूनच घ्या.

आता कोणती लस. फ्लूची लस दोन रूपांत येते: दंडात टोचायची आणि नाकात फवारायची. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. नाकात फवारायच्या लसीत कमजोर केलेला, पण जिवंत विषाणू असतो. ती आपल्याला चालत नाही. मी खोक्यावरचं नाव सिस्टरना वाचून दाखवायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "ही टोचायची, निष्क्रिय लसच ना?" एक मिनिटही लागलं नाही, आणि त्यांना रागही आला नाही. वय ६५ च्या पुढे असेल तर जास्त ताकदीची लस मिळते का, तेही विचारा. तशी एक लस असते, तिच्यात नेहमीच्या चौपट अँटीजेन, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागं करणारा लसीतला मुख्य घटक, असतं. मागच्या वर्षी घेतली होती म्हणून यंदा नको, असं करू नका. विषाणू बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार घालायचे याची शिफारस करते.

जाताना एक कागद लिहून न्या. माझ्या कागदावर केमोच्या औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, ताज्या सीबीसीतले पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचे आकडे, चालू असलेल्या गोळ्या आणि कशाची अॅलर्जी आहे ते होतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा. आधीच्या एखाद्या लसीने जोरात त्रास झाला असेल, किंवा फ्लूच्या लसीनंतर ६ आठवड्यांत गुलियन-बारे (नसांचा, हातपाय लुळे पाडणारा आजार) झाला असेल, तर ते पहिल्या ओळीत लिहा. त्या दिवशी अंगात ताप असेल तर जाण्याआधी फोन करा.

त्या कागदावर एक ओळ मी सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिली होती: डावा हात नको. माझ्या डाव्या काखेतल्या लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, शस्त्रक्रियेत काढल्या आहेत. तरीही सिस्टरनी कापूस घेतला तो डाव्याच दंडाकडे, कारण खुर्ची तशी मांडलेली होती आणि माझी डावी बाही सैल होती. कागद टेबलावरच पडलेला होता. मी हात मागे घेतला, "काखेतली शस्त्रक्रिया झालीय, उजवा घ्या," म्हणाले, आणि खुर्ची फिरवून बसले. तुमचीही अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर कागदावर विसंबून राहू नका, तोंडाने सांगा, बाही वर करण्याआधी सांगा. दोन्ही बाजूंच्या नोड काढल्या असतील तर मांडीत टोचता येतं.

प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर बारीक सुई मागा, आणि टोचल्यावर त्या जागी किमान २ मिनिटं घट्ट दाबून धरा. चोळू नका. मी घड्याळ बघत दाबून धरलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी नाण्याएवढा निळा डाग उमटला आणि आठवड्याभरात गेला. नंतर १५ मिनिटं तिथेच बसा.

तापाबद्दल मात्र सावकाश लिहिते, कारण माझ्या घरात गोंधळ इथेच झाला. लस घेतली त्या रात्री दंड ठणकला, अंगात कणकण आली, थर्मामीटर ९९.४ दाखवत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं. लसीचा त्रास असाच असतो, एक-दोन दिवसांत ओसरतो. मग ठरल्याप्रमाणे चौथी केमो झाली. तिच्या नवव्या दिवशी रात्री साडेअकराला मला हुडहुडी भरली. ताप १०१ होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, परवाच लस घेतलीस ना, तिचाच असेल. क्रोसिन घे नि झोप." त्या काळजीनेच म्हणत होत्या. नवऱ्याने कॅलेंडर बघितलं: लस घेऊन ११ दिवस झाले होते. आम्ही गोळी न घेता हॉस्पिटलला फोन लावला आणि तासाभरात निघालो. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं आणि ४ दिवस तिथेच राहावं लागलं.

म्हणून केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला की लस काल घेतली असो की महिन्यापूर्वी, तिच्यावर ढकलू नका. त्याच वेळी फोन करा, मध्यरात्र असली तरी. आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल घेऊ नका. ताप त्याने खाली येतो, पण आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं आणि आपल्याला कळत नाही. लस घेण्याच्या दिवशीच "हात दुखला तर काय घेऊ?" हे विचारून ठेवा.

आपली प्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे लसीचा असर आपल्यावर कमी पडू शकतो. ती कसर घरातली माणसं भरून काढतात. नवरा, मुलगी, सासूबाई आणि मला सांभाळायला येणारी ताई, सगळ्यांनी माझ्या आधीच लस घेतली. त्यांनीही टोचायचीच घेतलेली बरी. ट्रान्सप्लांट नुकताच झाला असेल आणि घरातल्या लहान मुलाला नाकातली लस दिली गेली असेल, तर त्या मुलापासून ७ दिवस लांब राहायला सांगतात.

लसीची तारीख आणि कुठल्या दंडात घेतली, हे डायरीत लिहून ठेवा. पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते बघायच्या तपासणीच्या, वेळी सांगावं लागतं, कारण लसीनंतर काही दिवस त्या बाजूच्या काखेतल्या नोड चमकू शकतात, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला कारण माहीत नसेल तर उगाच धास्ती बसते.

लस घेऊनही खोकला, घसा, अंगदुखी सुरू झाली, किंवा घरात कुणाला फ्लू निघाला, तर वाट बघत बसू नका. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि आपल्यासारख्यांना तपासणीचा निकाल येण्याआधीही ते देतात. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: "माझी केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली."