पंपावरील रुग्णाच्या ऑक्सिजनचा हिशेब कसा ठेवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील जे मराठी विद्यार्थी परफ्युजनचे (हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन, म्हणजेच पंप, चालवण्याचे) शिक्षण घेत आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. यातील प्रत्येक निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना विचारूनच घ्यायचा असतो, हे गृहीत धरावे.

हार्ट-लंग मशीन सुरू झाल्यावर धमनीतील रक्ताची संपृक्तता (हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरला आहे ते) बहुधा ९९ ते १०० टक्के दिसते आणि नवशिका निर्धास्त होतो. ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणारा यंत्राचा भाग, नीट चालला आहे, एवढेच तो आकडा सांगतो. पेशींपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आधी पुरवठा काढावा. हिमोग्लोबिनला १.३४ ने आणि संपृक्ततेने गुणावे, रक्तातील ऑक्सिजनच्या अंशदाबाला ०.००३ ने गुणून येणारा विरघळलेल्या ऑक्सिजनचा लहानसा भाग त्यात मिळवावा, मग त्या बेरजेला १० ने आणि शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागील पंप-प्रवाहाने गुणावे. प्राइममुळे (यंत्राच्या नळ्यांत आधी भरलेल्या द्रवामुळे) रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिन ८ वर आले असेल, संपृक्तता १०० टक्के, अंशदाब २०० आणि प्रवाह २.४ लिटर असेल, तर पुरवठा मिनिटाला सुमारे २७२ मिलिलिटर येतो. मूत्रपिंडाच्या दृष्टीने तो २८० च्या वर राखण्याकडे हल्ली कल आहे. प्रवाह २.६ केल्यास तोच पुरवठा २९४ होतो. तेव्हा रक्ताची पिशवी मागवण्यापूर्वी प्रवाह वाढवता येईल का, हे पाहिलेले बरे.

परतीच्या (शरीरातून यंत्राकडे येणाऱ्या) रक्ताची संपृक्तता ७० टक्क्यांच्या आसपास असावी. शरीर थंड असताना गरजच कमी असल्यामुळे ती चढी दिसते. खरी कसोटी रुग्णाला पुन्हा ऊब देताना लागते, कारण तेव्हा मागणी झपाट्याने वाढते.

लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशींत वाढणारा पदार्थ) पंपापूर्वी एकदा आणि नंतर साधारण दर अर्ध्या तासाने पाहावा. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची असते. परतीची संपृक्तता चांगली असूनही लॅक्टेट २ वरून ३ च्या पुढे चढत असेल, तर एखाद्या अवयवाला रक्त कमी पडत असल्याची शंका घ्यावी. मात्र अॅड्रेनालिन, प्राइममधील रिंगर लॅक्टेट किंवा साठवणीचे रक्त यांमुळेही तो वाढतो, म्हणून पुरवठ्याचा आकडा शेजारी ठेवूनच त्याचा अर्थ लावावा.

पुष्कळदा घोटाळा नमुन्यातच असतो. नळीत थांबलेले रक्त आधी बाजूला काढावे. सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिल्यास हिमोग्लोबिन खोटेच कमी येते, आणि हवेचा बुडबुडा राहिल्यास अंशदाब चुकतो. नमुना ट्रेमध्ये पडून राहिला, तर तांबड्या पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि लॅक्टेट सिरिंजमध्येच वाढतो. म्हणून तो लगेच यंत्राला लावावा.

आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात येतात. "लॅक्टेट एष्टु?" (लॅक्टेट किती?) असे विचारले गेले, तरी "दोन पॉइंट आठ, साडेदहाचा नमुना" असे वेळेसह सांगावे आणि समोरच्याकडून तो आकडा परत म्हणवून घ्यावा. तक्त्यावर त्याच ओळीत प्रवाह, तापमान आणि हिमोग्लोबिन लिहावे, आणि हाच तक्ता रुग्णाबरोबर आयसीयूत द्यावा, कारण लॅक्टेट पुढे उतरतो आहे की नाही, हे तिथल्यांना त्यावरूनच पाहायचे असते.