इन्कार्नडाइन: मॅकबेथच्या रक्ताळलेल्या हातातला शब्द कसा वाचायचा आणि कसा वापरायचा

माझी भाची बीएला इंग्रजी घेऊन शिकतेय, परवा तिचा फोन आला की मावशी शेक्सपियरच्या मॅकबेथ नाटकातला हा इन्कार्नडाइन (incarnadine) शब्द म्हणजे नक्की काय, गाइडात नुसतं 'लाल करणे' लिहिलंय. अर्थ बरोबर आहे पण तेवढ्यावर थांबलात तर शब्द हाताला लागत नाही, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

उच्चार करताना जोर 'कार'वर द्यायचा. शेवटी डाइनऐवजी कुणी डीन म्हणतं, तेही चालतं.

मग शब्द फोडून बघा. आत लॅटिनमधलं मांस या अर्थाचं मूळ आहे. तेच कार्निव्होर म्हणजे मांसाहारी प्राणी या शब्दात आहे, गोव्याच्या कार्निव्हलमध्येही आहे (लेंटचे म्हणजे ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपास सुरू व्हायच्या आधी मांसाला निरोप द्यायचा सण), आणि इन्कार्नेशनमध्ये तर आहेच, म्हणजे देह धारण करणं, आपण ज्याला अवतार म्हणतो. त्यामुळे इन्कार्नडाइन हा मुळात रक्ताचा रंग नव्हताच, तो अंगाच्या कातडीचा फिका गुलाबी रंग, तोही गोऱ्या युरोपियन कातडीचा.

मग तो लालभडक कसा झाला? शेक्सपियरमुळे. 1606 च्या सुमारासचं मॅकबेथ काढा, दुसरा अंक, दुसरा प्रवेश. डंकन राजाचा झोपेत खून करून मॅकबेथ आलाय, हात रक्ताने माखलेत, बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय, आणि तो म्हणतो समुद्रदेव नेपच्यूनचा अख्खा समुद्र तरी हे रक्त धुऊन काढेल का, नाही, उलट हा हातच 'द मल्टिट्यूडिनस सीज इन्कार्नडाइन, मेकिंग द ग्रीन वन रेड', म्हणजे हा हातच अफाट समुद्र लाल करून टाकेल. रंगाच्या नावाचं त्याने क्रियापद करून टाकलं.

ही ओळ मनात नको, मोठ्याने वाचा. आधी दोन तोंडभर शब्द, समुद्रासारखे पसरलेले, आणि लगेच ग्रीन, वन, रेड, एकेका ठोक्याचे. नाटक बघायला आलेल्या ज्या माणसाला लॅटिन येत नाही त्याला पुढच्याच तीन शब्दांत अर्थ मिळतो. मला ही ओळ ग्रेट वाटते ती यासाठी, नुसत्या अवघड शब्दासाठी नाही. आणि 'वन रेड' एकत्र घ्या, म्हणजे हिरवा समुद्र सगळा एकच लाल. 1623 च्या छापील प्रतीत स्वल्पविराम 'वन'च्या नंतर आहे, म्हणजे 'ग्रीन वन' एकत्र, जो हिरवा तो लाल, त्यामुळे यावर वाद झालेत, पण मला एकच लाल हाच अर्थ पटतो. लगेच त्याची बायको लेडी मॅकबेथ येते आणि म्हणते थोडंसं पाणी घेतलं की झालं. समुद्र आणि तांब्याभर पाणी, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

नंतर 1859 मध्ये इंग्रज कवी फिट्झजेराल्डने फारसी कवी उमर खय्यामच्या रुबायांच्या (चार ओळींच्या कवितांच्या) इंग्रजी रूपात हाच शब्द घेतला. तिथे बुलबुल गुलाबाला वाइन, वाइन म्हणून साद घालतो, त्या गुलाबाचा पिवळा गाल लाल व्हावा म्हणून. म्हणजे शब्दात रक्त असायलाच पाहिजे असं नाही, पण आधीचा फिका रंग बदलून जायला हवा.

मराठीत आणताना आरक्त पटकन सुचतो, आणि गुलाबाच्या गालाला तो शोभतोही. मॅकबेथच्या समुद्राला मात्र तो लाजरा पडतो, तिथे लालेलालच पाहिजे.

स्वतः वापरायचा असेल तर टॉपचा किंवा लिपस्टिकचा रंग सांगायला नको, तिथे रेड पुरे. पूर्ण पानात एकदाच घ्या आणि त्याच्या लगेच पुढे छोटे, साधे शब्द ठेवा. भाचीने गुहागरच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ आठवून लिहून पाठवलं, 'द सन इन्कार्नडाइन्ड द वेट सँड, अँड देन इट वॉज ग्रे'. मी एक अक्षर बदललं नाही.